पिशवीत डीएपी नको, बुरशी घाला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीचे आकडे छापून येतात. २०१९ साली तर राज्याने ३३ कोटींचा संकल्प सोडला होता. खड्डे किती, रोपे किती, सगळे मोजले जाते. रोपाच्या पिशवीत काय भरले होते, हे कोणी विचारत नाही.

बऱ्याच रोपवाटिकांत माती, वाळू, शेणखत आणि वरून डीएपी हे नत्र-स्फुरदाचे (नायट्रोजन-फॉस्फरसचे) रासायनिक खत, एवढाच खाक्या. रोप दिसते हिरवेगार, पण सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमात लावले की पहिल्या उन्हाळ्यातच वाळते. रानातला साग, खैर, मोह, कडुनिंब यांच्या मुळांत मायकोरायझा बुरशी असते. तिचे तंतू मुळांच्या केसांहून बारीक. मूळ पोचत नाही तिथला स्फुरद ती ओढून आणते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद असतो, पण चुन्याशी जखडलेला. डीएपीचा आयता स्फुरद मिळाला की झाड या बुरशीला फारसा थाराच देत नाही.

या बुरशीच्या विकतच्या पुडीवर माझा फार भरवसा नाही. मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याच्या शेडखाली पडलेल्या पुडीत जिवंत काय उरणार? त्यापेक्षा जुन्या, निरोगी बोरीच्या किंवा कडुनिंबाच्या मुळ्यांजवळची माती आणून कुंडीत भरावी, त्यात ज्वारी पेरावी. तीनेक महिन्यांनी पाणी तोडावे, ताटे कापावीत आणि मुळ्या बारीक चिरून मातीत मिसळाव्यात. पिशवीत बी टोचताना ही माती बियाखाली चमचाभर घालावी. वरून भुरभुरली तर मुळाला लागतच नाही.

खडी क्रशरवरची काळ्या पाषाणाची भुकटीही कामाची आहे. तिच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असते. नत्र मात्र नसते, आणि ती विरघळते फार सावकाश. म्हणून शेणखत टळत नाही. दहा भागांत एक भाग पुरे, जास्त झाली तर पिशवी सिमेंटसारखी आवळते आणि पाणी वरच थांबते. काळ्या मातीत ती घालण्यात फारसा अर्थ नाही, कारण ती माती त्याच खडकाची झीज आहे. वाळू-मुरमाच्या मिश्रणात घालावी.

सरकारी आणि ग्रामपंचायतींच्या रोपवाटिकांनी यंदा निदान निम्म्या पिशव्या डीएपीविना, बुरशी घालून भराव्यात. त्यांना वेगळ्या रंगाची खूण करावी आणि पुढच्या जूनमध्ये दोन्हींतली किती रोपे जगली, तो आकडा आपल्या दैनिकाने छापावा.

आपला,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)