लेसरच्या आधी एवढं वाच

सोन्या,

काल फोनवर तू चष्मा घालवायला लेसरचं काढलंस आणि मी गप्प झाले, तुला वाटलं आई घाबरली. तसं नाही रे. मला तू आठवलास, द्राक्षाच्या सीझनला पिंपळगावला मळ्यात गेलास की संध्याकाळपर्यंत मुठीने डोळे चोळून चोळून लालभडक, आणि मी धपाटे घालतेय.

गेल्या महिन्यात मावशीच्या पोरीसोबत गंगापूर रोडला तपासणीला गेले होते, तिलाही चष्मा घालवायचा होता. डॉक्टरीणबाईंनी आधी हेच विचारलं, डोळे चोळतेस का? केराटोकोनस म्हणून एक दुखणं असतं, चोळण्याने वाढतं, कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर पातळ होत होत पुढे टोकदार होतो, सुरुवातीला साध्या नंबर तपासणीत कळत नाही, टोपोग्राफी म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढला की दिसतं. अशा डोळ्यावर लेसर मारला तर नजर आणखी बिघडते. म्हणून तू तिथे हे चोळण्याचं स्वतःहून सांगायचंस, लाजू नकोस.

मग त्यांनी कागदावर हिशोबच मांडला. कॉर्निया सगळा मिळून अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाचशेच्या आसपास मायक्रॉन. हिचा ४८०. लॅसिक म्हणजे नेहमीचं लेसर, त्यात कॉर्नियाचा वरचा पापुद्रा, फ्लॅप, उचलतात त्याचे ११० गेले, मायनस ६ नंबर, एका नंबराला लेसरने साधारण १५ घासले जातात असं धरलं तर आणखी ९० गेले, उरले २८०. अडीचशेच्या खाली जायचंच नाही आणि बरेच डॉक्टर तीनशे राखतात, तर बाई म्हणाल्या तुला लॅसिक नको. पोरगी रडली, पण मला त्या बाई आवडल्या. कॉलेज रोडला दिवाळी ऑफरचे बोर्ड लागलेत ना, त्यावर हा हिशोब कुठेच नसतो.

तुला चष्मा का नकोय ते मला कळतं, पावसात हरिहरच्या पायऱ्या चढताना काचा पुसायच्या की खोबणी धरायची. आणि बहुतेकांना छान दिसतं नंतर, ते खोटं नाही. पण डोळे काही महिने कोरडे पडतात, काहींचे जास्तच, आणि तू दिवसभर स्क्रीनसमोर. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात काहींना, आणि तुला शुक्रवारी रात्रीच बाईकवर चंदनापुरी घाटातून यायचं असतं! फ्लॅप न करता वरच्यावर करतात ते पीआरके, त्यात तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर हळूहळू येते, पण जाडी वाचते. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतोच, माझ्याकडे बघ. आणि नंबर गेला तरी डोळा आतून लांबलेलाच राहतो, म्हणून आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी सुटत नाही.

पैशाचं बघू आम्ही, तो प्रश्न नाही. यायच्या दोन आठवडे आधीपासून लेन्स घालू नकोस, नाहीतर टोपोग्राफी चुकीची येते. तपासणीत बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर दिवसभर धूसर दिसतं, म्हणून बाईक घरी ठेवायची, आपण रिक्षाने जाऊ. वर्षभर नंबर हललेला नसावा लागतो म्हणे, तर तुझे सातवीपासूनचे सगळे कागद मी काढून ठेवलेत.

आई