दार उचललं नाही, खुंटी खाली सरकवली

दिनांक : १४ जुलै २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(आपल्या नागपूर वर्कशॉपच्या प्रमुखांनाही प्रत)

विषय : २०१२ च्या पिकअपच्या ड्रायव्हरकडील दाराचं न केलेलं काम आणि त्याचं घेतलेलं बिल

महोदय,

नंदनवनात माझं छोटं बिछायत केंद्र आहे. गाद्या, खुर्च्या, कनाती वाहायला एकच पिकअप आहे आणि ती बहुतेक वेळा मीच चालवतो. दीड-दोन वर्षांपासून ड्रायव्हरकडचं दार मागच्या बाजूने खाली बसलं होतं. चूक आमचीही आहे. दोरी बांधायला पोरं उघड्या दाराला लोंबकळून वर चढतात, त्याने बिजागरीची पिन आणि बुश (पिनेभोवतीची छोटी नळी) दोन्ही खाल्ले जातात. म्हणून आपल्याकडे फुकटात काहीच मागितलं नव्हतं. यंदा अधिक महिन्यात लग्नं नव्हती, गाडी उभीच राहणार होती, म्हणून २० मे रोजी ती आपल्या वर्कशॉपला टाकली. २७ मे रोजी करासह ७,१३९ रुपये भरून घेतली. बिलावर 'दरवाजा बिजागरी, नवीन, २ नग', रबर बीडिंग आणि लेबर असं लिहिलेलं आहे.

घेताना दार लागत होतं, फक्त आपटावं लागत होतं. "नवीन रबर आहे, आठ दिवसांत बसून जाईल," असं आपल्या माणसाने सांगितलं. मी ऐकलं. कारण नवीन रबर खरंच थोडं कडक असतं.

२९ जूनला सामान घेऊन उमरेड रोडने येत होतो. दिघोरीला डावीकडे वळताना माझ्याकडचं दार सताड उघडलं. पट्टा लावला होता म्हणून मी आत राहिलो. शेजारून एक बाई स्कूटीवर जात होत्या, पाठीमागे शाळेतलं लेकरू. हातभर अंतराने वाचले. त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही, पण त्यांचं बरोबर होतं.

घरी आल्यावर बारकाईने पाहिलं. दाराच्या लॉकला दोन टप्पे असतात. दार पूर्ण लागलं की दुसरा 'खट्' वाजतो. माझं दार पहिल्याच टप्प्यावर अडकून राहत होतं. का, ते दाराच्या चौकटीच्या मागच्या खांबावर दिसलं. दाराचं लॉक जिला पकडतं ती खुंटी, म्हणजे तुमचा स्ट्रायकर, जिथे चौदा वर्षं होती तिथे रंगावर तिच्या पट्टीचा ठसा तसाच आहे. आता ती त्या ठशाच्या चार-पाच मिलिमीटर खाली कसलेली आहे. म्हणजे पडलेलं दार वर उचलायचं सोडून खुंटीच दाराच्या मागे खाली नेली.

आणि बिजागऱ्या? गाडी मागच्या मालकाकडे निळी होती, मी ती पांढरी करून घेतली. दोन्ही बिजागऱ्यांच्या कोपऱ्यात तो निळा रंग अजून डोकावतो आहे. बोल्टांच्या डोक्यावरून पत्र्यावर उतरलेला पांढरा रंग कुठेही तडकलेला नाही. पाना लागलेला बोल्ट असा राहत नाही. अर्धं उघडलेलं दार मागच्या टोकाला धरून उचललं तर आजही बोटभर वर येतं, आणि वरच्या बिजागरीत पिन हलताना डोळ्याला दिसते. रबर मात्र नवीन आहे, तेवढं मान्य करतो. पण मागच्या कडेची फट वर चिकटलेली आणि खाली बोट जाईल एवढी, तिथे रबर तरी काय करणार? पहिल्याच मोठ्या पावसात सीट भिजली.

आमच्या मोहल्ल्यातल्या डेंटर मिस्त्रीने पाच मिनिटांत सांगितलं ते आपल्या वर्कशॉपला माहीत नसेल असं मी मानत नाही. खुंटी आधी काढून ठेवायची, म्हणजे दार मोकळं कुठे लटकतं ते कळतं. मग दाराखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यायचा, बिजागरीभोवती पेन्सिलीने खूण करायची, पिन-बुश किंवा बिजागरी बदलायची, फटी सारख्या करायच्या आणि खुंटी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे शेवटचं काम आधी झालं, बाकीची झालीच नाहीत.

२ जुलैला गाडी घेऊन गेलो तर काउंटरवर उत्तर मिळालं, "काका, जुनी गाडी आहे, एवढं तर राहतेच." जुनी आहे म्हणूनच तर आणली होती! काढलेल्या बिजागऱ्या मागितल्या, तर "भंगारात गेल्या." गाडीला लागलेल्या बिजागऱ्या भंगारात कशा जातात, हे मला समजून घ्यायचं आहे. वर एक साहेब म्हणाले की गाडी धंद्याची आहे, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यांनी एकदा उघडावा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो गाडी वापरतो, त्याला 'व्यापारी हेतू' म्हणून बाहेर काढता येत नाही.

माझी मागणी अशी : दोन्ही बिजागऱ्या माझ्यासमोर बदलून दार बसवून द्या, त्याचे वेगळे पैसे घेऊ नका आणि काढलेले सुटे भाग माझ्या हातात द्या. ते जमत नसेल तर बिजागरी आणि लेबरचे पैसे परत करा, मी मिस्त्रीकडून करून घेतो. दोन्हींपैकी काय करणार ते पंधरा दिवसांत लेखी कळवा. नाही कळवलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपलं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी मी राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला तिथे फीही लागत नाही.

तोवर दार आतून नायलॉनच्या दोरीने सीटच्या पायाला बांधून गाडी चालवतो आहे. उतरताना पलीकडच्या दाराने उतरतो.

आपला,
एक ग्राहक, नंदनवन, नागपूर

सोबत : बिल व जॉबकार्डाची प्रत, खुंटीच्या जुन्या ठशाचे आणि बिजागऱ्यांचे सहा फोटो