रविवारच्या सत्राला काय आणायचं

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी मिश्र माध्यम आणि दागिने यांचं सत्र आहे. येताना स्वतः वेचलेली पानं, बिया, सालीचे तुकडे आणावेत. झाडावरचं तोडू नका, खाली पडलेलंच उचला. पिसं नकोत, काही देशांत वन्य पक्ष्याचं गळलेलं पीससुद्धा बाळगता येत नाही.

सामान कडकडीत वाळलेलं हवं, इथे सवलत नाही. ओल राहिली की रेझिनमध्ये (ओतल्यावर काचेसारखा कडक होणारा द्रव, त्यातच हे सामान बसवायचं आहे) बुडबुडे धरतात आणि पान आतल्या आत तपकिरी पडतं. पानं टिपकागदात घालून वजनाखाली दाबा, कागद बदलत राहा. फुलं सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) वाळवली तर आकार टिकतो. पानाची नुसती जाळी हवी असेल, तर जाड, चिवट पान धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ ब्रशने गर काढा. कोवळ्या पानाचा लगदा होतो. स्वयंपाकाचं भांडं अर्थातच वापरू नका.

सोबत एका वस्तूचं जवळून केलेलं रेखाटन आणा. नुसता फोटो चालणार नाही. फ्रेंच दागिने-कलाकार रने लालीकने १८९७-९८ च्या सुमारास घडवलेला, चतुर हा कीटक आणि स्त्री यांना एकत्र जोडणारा अलंकार लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. त्याची छायाचित्रं आधी पाहून या. पंखांच्या शिरा सोन्याच्या, मधल्या जागेत पारदर्शक मीना. इतकं बारीक पाहिल्याशिवाय असं काम उभं राहत नाही.

हातमोजे ज्याचे त्याने आणावेत. रेझिन ओतताना खिडक्या उघड्या राहतील.