आवाज तुझा, तर कागदही तुझा

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

एकाच टेबलामागून गायचं आणि रेकॉर्डही तूच लावायचं ठरवलंयस, तर आधी कागदाचं बोलते. तू गातेस त्या हाऊसला, म्हणजे क्लबातल्या नाचाच्या संगीताला, नाव मिळालं शिकागोच्या वेअरहाऊस क्लबवरून. तिथे १९७७ पासून फ्रँकी नकल्स वाजवायचे. हे संगीत गाजवलं दमदार गळ्याच्या बायकांनी, आणि श्रेयातून गळाल्या त्याही त्याच. सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या १९९० सालच्या गाजलेल्या गाण्यात आवाज मार्था वॉश यांचा होता, व्हिडिओत ओठ हलवत होती दुसरीच. नाव मिळवायला त्यांना कोर्टात जावं लागलं.

म्हणून शब्द आणि चाल तुझी असेल, तर ट्रॅक बनवणाऱ्या प्रोड्युसरला फाइल पाठवण्याआधी वाटणीचा कागद करायचा. त्यावर दोघांची कायदेशीर नावं, टक्के, तारीख, सह्या. रचनेचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा, वेगळा. दोन्ही वेगळे लिही. ट्रॅक त्याचा आणि शब्द-चाल पूर्ण तुझी असेल तर रचनेत निम्मं मागायला लाजू नकोस. एकरकमी मानधन घेतलंस तरी तुझं नाव कसं छापायचं, रीमिक्सला आवाज देता येईल का, सुटा आवाज सॅम्पल पॅकमध्ये, म्हणजे इतरांनी वापरायच्या तुकड्यांच्या संचात, विकता येईल का, त्यावरून नकली आवाज बनवता येईल का, हे चारही मुद्दे त्यात हवेत. चौथा करारात राहून जाऊ शकतो. तू घालायला लाव.

आवाज पाठवताना २४ बिट वेव्ह फाइल, कोरा. एकदा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, मुरला की रीमिक्स करणाऱ्याला तो धड काढता येत नाही. फाइल गाण्याच्या पहिल्या मात्रेपासून सुरू कर, मधली शांतता कापू नकोस. नाहीतर समोरचा अंदाजाने आवाज बसवतो आणि सम चुकते. फाइलच्या नावात बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) आणि गाण्याची पट्टी असू दे.

आता खरी कसरत. १२४ बीपीएमला १६ बार (एक बार चार मात्रांचा) ३१ सेकंदांत संपतात. तेवढ्यात पुढचा ट्रॅक जुळवून पुन्हा माइकवर येणं जमतं, पण श्वास उरत नाही. तेव्हा स्वतःच्या गाण्यांचे वेगळे एडिट कर: सुरुवातीला आणि शेवटी ३२-३२ बार नुसता ठेका, म्हणजे मिनिटभर हात मोकळे, आणि कडव्याआधी चार बार रिकामे. गाताना मिक्स करू नकोस, दोन्ही कामं अर्धी होतात. की-लॉक, म्हणजे वेग बदलला तरी सूर न हलू देणारं बटण, चालू ठेव. तो बंद असताना १२४ चा ट्रॅक १२८ वर नेलास तर सूर अर्ध्या सेमीटोनहून जास्त चढतो, आणि बेसुरी तू ठरतेस. पण की-लॉकवरही वेग फार ताणला की रेकॉर्डमधला आवाज चिरकतो. तीन टक्क्यांच्या आत राहा.

माइक डीजे मिक्सरमध्ये न घालता केबलने थेट साउंड इंजिनिअरच्या वेगळ्या चॅनेलला दे. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते, तिची फ्रिक्वेन्सी तो कापू शकतो, मिक्सरवर ते जमत नाही. १०० हर्ट्झखालचं कापायला सांग, नाहीतर किक, म्हणजे ठेक्याचा जड ठोका, माइकमधून परत येते. तुझ्या टेबलाजवळचा स्पीकर कुठे ठेवायचा ते माइकच्या प्रकारावर अवलंबून: कार्डिऑइड बरोबर मागून बहिरा असतो, सुपरकार्डिऑइडला मागचंही थोडं ऐकू येतं, तो बहिरा असतो समोरून १२५ अंशांच्या आसपास. जाळी मुठीत धरलीस तर दोन्हींचा गुण जातो आणि शिट्टी सुरू. (स्टेजवर रुबाबदार दिसतं, मान्य.) हेडफोन तारेचाच. ब्लूटूथचा उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या वर जातो. १२४ ला एक मात्रा ४८४ ची, म्हणजे जवळजवळ पाव मात्रा मागे.

गळा गाण्याने कमी बसतो, सेटनंतर स्पीकरशेजारी ओरडून गप्पा मारल्याने जास्त. कानाचा हिशोब कडक आहे: ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. कानातले फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात, स्वतःचा सूर कळत नाही. संगीतकारांचे १५ डेसिबलचे फिल्टर कानाच्या मापाने बनवून घे.

पेन ड्राइव्ह दोन ने, दोन्हींवर तीच लायब्ररी, फॅट ३२ फॉरमॅटमध्ये. आणि एडिटची यादी झाली की मला पाठव, कडव्याआधीचे चार बार पुरतात का ते मोजून सांगते.

तुझी,
आई