सिस्टीमच्या पायथनला हात लावू नका

मा. संपादक साहेब,

नमस्कार. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून माझ्याकडं जुन्या पीसीवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून घ्यायला पोरं यायला लागलीत. तुमच्या पेपरात पण मध्यंतरी आलं होतं की जुना पीसी भंगारात घालू नका, लिनक्स टाका. बरोबरच आहे, पण टाकल्यावर काय करू नये हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या भाच्याचंच सांगतो. विश्रामबागला क्लास लावलाय, तिथं सांगितलं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ३.१२ व्हर्जन पाहिजे. याच्याकडं उबुंटू २२.०४, त्यात येतं ३.१०. गड्यानं विचार केला, आधी जुनं काढू मग नवं टाकू, जसं आपण गॅसची टाकी बदलतो. सुडो एपीटी रिमूव्ह मारलं (सुडो म्हणजे सिस्टीमचे सगळे अधिकार घेऊन, एपीटी म्हणजे उबुंटूचं सॉफ्टवेअर टाकायचं-काढायचं टूल), स्क्रीनवर काय काय काढणार त्याची ही लांबलचक यादी आली, ती न वाचता एंटर. तिथं नुसतं एंटर मारलं की हो म्हणूनच धरतात. रात्री दहाला फोन, मामा स्क्रीन काळी झाली, नुसतं लॉगिन लिहिलेलं येतंय. अहो येणारच, उबुंटूची कितीतरी स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात, ते गेलं की त्याच्या आधारावर उभा असलेला डेस्कटॉप पण गेला. शेवटी पेन ड्राइव्हवरून चालू करून त्याच्या फाईली काढल्या आणि परत सगळं टाकलं, रात्रीचा एक वाजला.

लिफ्ट स्कीमची मोटर गावाची असते, माझ्या रानाला पाणी कमी येतंय म्हणून मी ती उपसून नेली तर गाव मला सोडंल का? तसंच हे, ते पायथन सिस्टीमचं, तुमचं नाही. काढायचं तर नाहीच, पण काहीजण नुसतं पायथन३ हे नाव नव्या व्हर्जनकडं वळवतात, तरी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडायचं बंद होतं, कारण २२.०४ मध्ये टर्मिनल चालू करणारी फाईलच पायथनमध्ये लिहिलेली आहे.

आता २४.०४ मध्ये उबुंटूवाल्यांनी कुलूपच घातलंय. पिपनं (पायथनच्या तयार लायब्ऱ्या उतरवणारं टूल) थेट काही टाकायला गेलं की एरर येतो, हे पायथन बाहेरून, म्हणजे सिस्टीमकडून, सांभाळलं जातंय म्हणून. आणि व्हिडिओवाले काय सांगतात, पुढं ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस लिहा म्हणजे होतंय. अहो त्याचं नावच "सिस्टीमची पॅकेजेस मोडा" आहे, याच्यापेक्षा स्पष्ट अजून काय लिहायचं त्यांनी! वर सुडो लावून मारलं तर एपीटीच्या लायब्ररीपुढं दुसरीच व्हर्जन आडवी येते आणि मग अपडेटच्या वेळी डोकं धरून बसायची पाळी.

करायचं काय तर आपलं आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवायचं. पायएन्व्ह नावाचं टूल आहे, फुकट आहे, पाहिजे ती व्हर्जन तिथं टाकतं, सुडो लागत नाही, आणि कुठल्या फोल्डरला कुठली व्हर्जन हे एका छोट्या फाईलीत लिहून ठेवतं. फक्त ते सोर्सवरून आपल्याच मशीनवर कंपाईल करतं, म्हणजे मूळ कोडपासून बांधून काढतं, जुन्या पीसीवर चहा पिऊन यायचा तोवर, आणि त्याआधी एसएसएलच्या (नेटवरच्या सुरक्षित जोडणीच्या) डेव्ह लायब्ऱ्या टाकायला विसरलात तर ते एरर देऊन थांबतं, व्हर्जन बसतच नाही. या भानगडीत पडायचं नसेल तर यूव्ही वापरा, ते तयार पायथन आणतं. नोडसाठी (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) एनव्हीएम आहे, तसंच काम. आणि प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हीईएनव्ही (त्या प्रोजेक्टपुरत्या लायब्ऱ्यांचा वेगळा कप्पा), हे तर क्लासवाल्यांनी पहिल्याच दिवशी शिकवायला पाहिजे, पण फी घेऊन पण पोरांना सुडोच शिकवतात, त्याला काय म्हणायचं.

तुमच्या पुढच्या लेखात एवढं चौकटीत छापा ही विनंती. भाच्याच्या पीसीवर आता तीन पायथन आहेत, तिन्ही त्याच्या होममध्ये, आणि चौथं उबुंटूचं ३.१० आहे तिथंच आहे.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, सांगली