ग्वेफेईच्या वकिलाचे पत्र

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, एवढेच.

परवा आमच्या वाचनालयात व्याख्यान झाले. वक्त्यांनी चीनच्या थांग घराण्याची सारी पडझड ‘एका रूपवतीच्या पायी’ एवढ्यात आटोपली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तू वसतिगृहात हेच म्हणायचास आणि मला त्या रूपवतीचा, म्हणजे बादशहाची लाडकी राणी यांग ग्वेफेई हिचा, ‘ग्वेफेईचा वकील’ म्हणून चिडवायचास. ती वकिली मी अजून सोडलेली नाही, म्हणून हे तुलाच लिहितो आहे.

तारखाच बघ. पुढे बंड करणाऱ्या आन लुशान या सरदाराला पिंगलूची सरहद्द ७४२ मध्ये मिळाली आणि फानयांगची ७४४ मध्ये. यांगला ‘ग्वेफेई’ हा राणीचा किताब मिळाला तो ७४५ मध्ये. सरहद्दीच्या फौजा परकीय वंशाच्या सरदारांच्या हाती द्याव्यात, हा सल्ला वजीर ली लिनफूचा, कारण अशा सरदाराला दरबारात गोत नसते आणि तो उद्या वजिरीवर हक्क सांगायला येत नाही. ७५१ मध्ये बादशहा श्वानझोंगने त्याच आन लुशानला तिसरा प्रांत, हदोंग, दिला. त्याच वर्षी ग्वेफेईने वयाने आपल्याहून बऱ्याच मोठ्या, अगडबंब देहाच्या या ‘मानसपुत्राला’ बाळासारखे दुपट्यात गुंडाळून राजवाड्यात मिरवले, असे जुने इतिहासकार सांगतात. लोकांना तेवढेच दुपटे आठवते. तीन प्रांतांची फौज कोणाच्या सहीने गेली, हे कोणी विचारत नाही.

मला खरा घोर लागतो तो ७५४ चा. आन लुशान दरबारात येऊन रडला, बादशहा विरघळला आणि त्यानंतर जो कोणी ‘हा बंड करील’ असे म्हणे, त्याला बांधून आन लुशानकडेच पाठवले जाऊ लागले. मग सांगणार कोण? ७५५ च्या डिसेंबरात फानयांगहून आन लुशानची बंडखोर फौज निघाली आणि महिनाभरातच दुसरी राजधानी लोयांग पडली. बादशहाचे सेनापती काव श्येनच्र आणि फंग छांगछिंग मागे हटून राजधानी चांगआनच्या वाटेवरची थोंगग्वानची खिंड धरायला आले, तर एका खोजाच्या चुगलीवरून त्या दोघांचीच डोकी उडवली. त्यांच्या जागी आलेला गशू हान आजारी होता, पण खिंड सोडायची नाही, एवढे त्याला पक्के कळत होते. ग्वेफेईचा चुलतभाऊ, वजीर यांग ग्वोझोंग, याला मात्र भीती होती की ही फौज उद्या आपल्यावरच उलटेल. त्याने बादशहाचे कान भरले, हुकमावर हुकूम सुटले आणि ७५६ च्या उन्हाळ्यात गशू हान रडत खिंडीबाहेर पडला. डोंगर आणि पीत नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेत सारे सैन्य कापले गेले.

बादशहा चांगआन सोडून पळत असताना मावेइच्या ठाण्यावर सैनिकांनी यांग ग्वोझोंगला ठार केले, ते मी समजू शकतो. पण नंतर त्यांनी ग्वेफेईचा जीव मागितला, बादशहाने तो दिला, आणि त्या गळफासालाच लोक आजवर न्याय म्हणत आले. वसंता, तूही म्हणायचास. अजूनही म्हणतोस का, ते स्पष्ट लिही.

नव्या घराचे काम कुठवर आले? नातीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत