एव्हरीवन, नोबडी आणि बाकीची मंडळी: मॅडम, मनापासून थँक्यू

मॅडम, नमस्कार,

हे पत्र असं उघड लिहितोय कारण समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, आणि दुसरं म्हणजे आमच्या हेल्प पेजेसचे ड्राफ्ट तपासताना तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते आणखी चार जणांच्या उपयोगी पडलं तर बरंच आहे. विषय तोच, तुमचा लाडका. इनडेफिनिट प्रोनाउन्स. समवन, एनीबडी, एव्हरीवन, नथिंग, ईच, नन, फ्यू, जी मंडळी नाव न घेता माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल बोलतात ती सगळी.

शाळेत हे सगळ्यांनी केलेलं असतं. तीन रकान्यांची लिस्ट. एव्हरीवन, समबडी, नोबडी, ईच, आयदर, नायदर हे एकवचनी, बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल हे अनेकवचनी, आणि ऑल, सम, एनी, मोस्ट, नन हे दोन्हीकडचे. लिस्ट बरोबरच आहे हो, पण सॉफ्टवेअरची हेल्प पेजेस लिहायला बसलं की ती लिस्ट आठवत नाही कारण वाक्यात शब्द असे सुटे सुटे येतच नाहीत. "ईच ऑफ द सेटिंग्ज हॅव बीन चेंज्ड" असं वाक्य ड्राफ्टमध्ये येतं आणि वाचताना कानाला काही खटकत नाही, कारण कानाला ऐकू येतं फक्त "सेटिंग्ज हॅव". अशा वाक्यावर तुम्ही नियम कधीच लिहिला नाहीत, तुमची कमेंट एकाच शब्दाची असायची, "कोण?". बस. मग माणूस शोधायला लागतो की नक्की कोण बदललंय, तर ईच. ऑफपासून सेटिंग्जपर्यंतचा तुकडा बोटाने झाकायचा आणि उरलेलं वाचायचं, "ईच हॅव बीन चेंज्ड", आता खटकलं ना, म्हणून हॅज.

पण खरी गंमत पुढे होती. हे झाकायचं तंत्र जमलं म्हणून सगळे सगळीकडे झाकत सुटले तेव्हा तुम्ही म्हणालात की थांबा, सम आणि ऑलच्या घरात उलटं चालतं, तिथे ऑफच्या पुढेच बघायचं. "सम ऑफ द फाइल इज करप्टेड" म्हणजे एकाच फाइलचा काही भाग गेला, आणि "सम ऑफ द फाइल्स आर करप्टेड" म्हणजे काही फाइल्स गेल्या बाकीच्या ठीक. सम तोच, क्रियापद पुढच्या नामावर ठरलं. मोस्ट ऑफ द स्पेस इज, मोस्ट ऑफ द फोल्डर्स आर. म्हणजे तीन रकाने पाठ करण्यापेक्षा आधी एवढंच विचारायचं, हा शब्द ऑफच्या पुढे बघू नको म्हणणाऱ्यांतला आहे की पुढेच बघ म्हणणाऱ्यांतला. बोथ, फ्यू, मेनीचा प्रश्नच नाही, ते कुठेही गेले तरी अनेकच. हे इतकं साधं कुणी आधी का सांगितलं नाही असं तेव्हा टीममधल्या निम्म्या लोकांना वाटलं असेल.

आणि ईचची ती दुसरी खोड, जी तुम्ही जाता जाता सांगितलीत. ईच स्वतः कर्ता असेल तर एकवचन, पण "द यूजर्स हॅव ईच रिसीव्ह्ड अ कोड" मध्ये कर्ता यूजर्स आहेत, ईच नुसता मागून येऊन बसलाय, म्हणून हॅव. तोच शब्द, जागा बदलली की वजन गेलं. शिवाय "एव्हरी ऑफ देम" असं कधीच होत नाही कारण एव्हरी एकटा उभाच राहू शकत नाही, त्याला वन लागतो. मग "एव्हरी वन ऑफ देम", आणि हा एव्हरी वन तोडून लिहायचा. सगळे या अर्थाचा एव्हरीवन जोडून. नो वनला मात्र असं एका शब्दात जोडून लिहायची सोयच नाही, का ते इंग्रजीलाच विचारा.

पण माझ्या मते तुमचे सगळ्यात मोठे उपकार नकाराच्या बाबतीत आहेत. आपण मराठीत विचार करतो, "ही फाइल कोणीही उघडू शकत नाही", कोणीही आधी आणि नाही सगळ्यात शेवटी, आणि तेच इंग्रजीत उतरवलं की होतं "एनीबडी कॅन नॉट ओपन धिस फाइल". शब्द सगळे इंग्रजी, वाक्य मात्र इंग्रजी नाही. तुम्ही सांगितलंत की इंग्रजीत नकार एनीच्या आधी यावा लागतो. "वी कुडंट फाइंड एनीथिंग" चालतं कारण नॉट आधी आलाय. एनीबडीच कर्ता होऊन सगळ्यात पुढे बसला असेल तर त्याच्या आधी नॉट घालायला जागाच नाही, मग नकार त्याच्याच पोटात घालायचा, "नोबडी कॅन ओपन धिस फाइल". आणि एकदा नोबडी आला की परत नॉट नको. "नोबडी कान्ट" म्हटलं की प्रमाण इंग्रजीत नकाराचा नकार होतो आणि फाइल सगळ्यांनाच उघडता येते असा अर्थ निघू शकतो. मराठीत कोणीही आणि नाही दोघं सुखाने नांदतात, इंग्रजीत दोन नकार एका घरात ठेवले की भांडण. एका कमेंटमध्ये एवढं सगळं बसवलं होतंत तुम्ही, मी ती कमेंट रिझॉल्व्ह न करता तशीच ठेवली होती कितीतरी दिवस.

याच्याच जवळचं ते फोल्डरचं वाक्य. "ऑल ऑफ द यूजर्स कॅन नॉट डिलीट धिस फोल्डर." वर वर बघता काही चूक नाही, क्रियापद नीट, स्पेलिंग नीट. तुम्ही बाजूला एवढंच लिहिलंत, "म्हणजे किती जण?". आणि खरंच की, एकालाही डिलीट करता येत नाही की काहींना येतं आणि काहींना नाही? वाचणाऱ्याने काय समजायचं? तुम्ही दोन वाक्यं लिहून दिलीत आणि म्हणालात निवडा. "नन ऑफ द यूजर्स कॅन डिलीट" किंवा "नॉट ऑल यूजर्स कॅन डिलीट". ज्याने ड्राफ्ट लिहिला होता त्याला डेव्हलपरला जाऊन विचारावं लागलं कारण त्यालाही नक्की माहीत नव्हतं! मला तर वाटतं व्याकरणाचा उपयोग इथे असतो, मार्कांसाठी नाही. "बोथ लिंक्स डोन्ट वर्क" चं पण तेच, दोन्ही बंद असतील तर सरळ "नायदर लिंक वर्क्स" म्हणा की, वाचणारा विचार करत बसत नाही.

फ्यू आणि अ फ्यू वर तर तुम्ही आख्खी मीटिंग थांबवली होतीत. रिलीज नोटमध्ये "फ्यू यूजर्स हॅव रिपोर्टेड धिस" म्हणजे तक्रार जवळजवळ कोणाची नाही, आणि "अ फ्यू यूजर्स हॅव रिपोर्टेड धिस" म्हणजे काही जणांची आहे, आम्ही बघतोय. एका अ ने प्रॉडक्टचा सूरच बदलतो. पहिल्या वाक्यात ज्याची तक्रार होती तो वाचून चिडणार, दुसऱ्यात त्याला वाटणार की आपलं ऐकलं. लिटल आणि अ लिटलचं हेच, फक्त ते मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी.

आता दे, म्हणजे इंग्रजीतला they. इथे तुमच्यावर अनेकांनी शंका घेतली होती म्हणून जरा सविस्तर लिहितो. ड्राफ्टमध्ये होतं, "इफ एनीवन फरगेट्स हिज ऑर हर पासवर्ड, ही ऑर शी शुड कॉन्टॅक्ट हिज ऑर हर ॲडमिनिस्ट्रेटर". वाचता वाचता दम लागतो. तुम्ही ते कापून "देअर पासवर्ड" आणि "दे" केलंत, तेव्हा लगेच कोणीतरी म्हणालं की एनीवन एकवचनी मग दे कसं काय, आत्ताच तर तुम्ही एकवचन एकवचन करत होता. तुमचं उत्तर मला फार आवडलं होतं, की क्रियापद एकवचनीच राहतं, फरगेट्सच आहे ना, फक्त मागून येणारं सर्वनाम दे होतं आणि हे आजचं फॅड नाही, इंग्रजीत १४व्या शतकापासून लोक असं लिहितायत. १८व्या शतकात व्याकरणवाल्यांनी दे ऐवजी ही (he) लावायचा आग्रह धरला आणि १८५० साली तर ब्रिटिश पार्लमेंटने कायदाच केला की कायद्याच्या भाषेत पुल्लिंगी शब्द आला की त्यात बायकाही धरायच्या. तरी लोकांच्या तोंडातून दे गेलं नाही ते नाहीच. २०१९ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या स्टाईल गाईडनेही त्याला रीतसर मान्यता दिली. पण तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत, म्हणालात की अजूनही कोणाला दे पचत नसेल तर भांडू नका, एनीवन काढा आणि यू घाला, "इफ यू फरगेट युअर पासवर्ड", हेल्प पेज वाचणारा तोच तर आहे. वाद संपला आणि वाक्यही छोटं झालं.

टॅग क्वेश्चनमध्ये, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नात, हाच दे परत भेटतो. "एव्हरीवन हॅज सेव्ह्ड देअर वर्क, हॅवन्ट दे?" आधी हॅज आणि शेवटी हॅवन्ट, बघणाऱ्याला चूक वाटते पण बरोबर आहे. नोबडी मुळातच नकारी म्हणून त्याचा टॅग होकारी, "नोबडी कॉल्ड, डिड दे?". आणि वस्तू असेल तर इट, "नथिंग हॅज चेंज्ड, हॅज इट?". विशेषण मागे जातं तेही इथलंच, "समथिंग न्यू", "न्यू समथिंग" नाही. हे मी पटकन उरकतोय कारण एकदा कळलं की यात अवघड काही नाही.

चॅट बॉक्सचं ते छोटं वाक्य मात्र राहायला नको. "डू यू नीड एनी हेल्प?" होतं, तुम्ही "वुड यू लाइक सम हेल्प?" केलंत. प्रश्नात एनी येतो हा नियम सगळ्यांना पाठ, पण आपण काही देऊ करत असलो, समोरचा हो म्हणेल अशी अपेक्षा असली की सम. एनी चुकीचा नव्हता, जरा कोरडा होता इतकंच. असल्या बारक्या गोष्टीसाठी कोण थांबतं हो रिव्ह्यूमध्ये, सगळ्यांना डेडलाइन असते, तुम्हालाही होतीच.

एका ठिकाणी मात्र माझं तुमच्याशी पटत नाही आणि थँक्यूच्या पत्रात ते लिहिलं तर तुम्हाला राग येणार नाही हे माहितीये म्हणून लिहितो. नन म्हणजे नॉट वन म्हणून कायम एकवचनी असं मानणाऱ्यांतल्या तुम्ही नाही, "नन ऑफ द फाइल्स वेअर सेव्ह्ड" तुम्ही खुशाल पास करता, आणि ते बरोबरच आहे कारण ननचा अनेकवचनी वापर पार जुन्या इंग्रजीपासून आहे. मग नायदरवर एवढा राग का? बोलताना "नायदर ऑफ देम आर" सर्रास म्हणतात लोक. तुमचं म्हणणं की लिखित आणि औपचारिक मजकुरात इजच हवं, आणि रिव्ह्यू तुमचा म्हणून मी इजच लिहितो, पण चॅट बॉक्सच्या मजकुरात तरी आर चालवून घ्या अशी विनंती आहे. नवीन ड्राफ्ट सोमवारी पाठवतोय, त्यात तसं एक वाक्य मुद्दाम ठेवलंय. तुम्हाला ते सापडणारच, पण कापायच्या आधी एकदा मोठ्याने वाचून बघा.

मनापासून आभार, मॅडम.

तुमच्या रिव्ह्यूच्या रांगेतला एक